हमिंग नसलेला बेस

रविवार, १४ फेब्रुवारी २०१६. उदगीर. सकाळी ६.१०

आजवर मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, क्रमानं:

१. मोटार रिवाइंडिंगची मशीन. सायकलच्या चाकापासून. वेढे मोजायला स्कूटरच्या मीटरचे आकडे.
२. वार्निश भाजायची पत्र्याची पेटी. आत दोनशेचे दोन बल्ब.
३. टाकी भरली की वाजणारा भोंगा. टाकी नोव्हेंबरपासून भरलेली नाही, त्यामुळे भोंग्यात कुणाला खोट काढता आलेली नाही.
४. बिनपाण्याचा कूलर. रत्नम्मा म्हणते, त्याला पंखा म्हणतात.
५. बेस गिटारचं धड. अस्सल शिसव, साडेसहा किलो. रत्नम्माच्या माहेरच्या पलंगाची डोक्याकडची फळी. पलंग तसाही डोक्याकडून जरा जास्तच होता.

शिक्षण दहावी, तेही दोन हप्त्यांत. गुरू कोणी नाही. चुकत चुकत शिकलो म्हणायला गेलो तर तेही खोटं होईल, कारण फारसं चुकलेलं आठवत नाही.

नवा बेस का, तर जुन्याची मान वाकली. दुष्काळानं. हवेत ओलच राहिली नाही, लाकूड पिळून निघालं. आणि एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार ही पक्की खबर आहे. बस स्टँडवर सगळे तेच बोलून राहिलेत. त्या संध्याकाळी मैदानात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. महादेवप्पा, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक आणि मंडप-डेकोरेशनवाले, काल दुकानात येऊन सांगून गेले की अप्पा, चोवीस एप्रिलच्या तालमीला वाजणारा बेस घेऊन या, न्हाईतर आमचा पंचाक्षरी कीबोर्डवर डाव्या हातानं बेस मारतो म्हणतोय. पंचाक्षरी त्यांचा जावई. बँकेत कॅशियर.

सत्तावीस वर्षं स्टेजवर ड्रमच्या शेजारी माझी जागा आहे. ती एका डाव्या हाताला देणार म्हणे.

संकल्प: रोज पहाटे पाचला रियाज. तारांचा आवाज पकडणारं पिकअप आणि तो वाढवणारा प्रीॲम्प विकत आणायचे नाहीत, स्वतः करायचे. पंचाक्षरीबद्दल वाईट बोलायचं नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ८.४०

उठायला उशीर. पिकअपचा विचार करत जागलो, म्हणजे रियाजच झाला एका अर्थी.

पंचाक्षरीला नोटा मोजायलासुद्धा मशीन लागते. हे वाईट बोलणं नाही, निरीक्षण आहे.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

अंगात वारं शिरल्यासारखं झालंय. पिकअपमध्ये आहे काय? चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. वर गिटारची तार हलली की खाली करंट. बस. म्हणजे एवढीशी मोटारच, फक्त फिरत नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या जे करून राहिल्यात ते मी पंचवीस वर्षं उदगीरात करतोय आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

एक कॉइल की दोन? एकेरी कॉइल हमिंग करते. पन्नास सायकलच्या विजेचं ते घुंऽऽ. माझा जन्माचा वैरी. लोकांच्या मोटारीतून, मिक्सरमधून, देवळाच्या ॲम्प्लिफायरमधून मी ते हाकललंय. आता माझ्याच छातीवरच्या वाद्यात ठेवून घेऊ? दुहेरी कॉइलच. एकीचे वेढे सुलटे, दुसरीचे उलटे. दोघींत शिरलेलं हमिंग एकमेकाला मारतं.

वाढवणा गावचं गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं. बोअर आटला, मोटार कोरडी फिरली, जळाली. परवा या म्हटलं.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

वाढवण्याचं गिऱ्हाईक आलं होतं. परवा या म्हटलं.

मंगळवार, १ मार्च. नांदेडहून परत

तार मिळाली. परदेशी ४२ गेज म्हणजे आपल्याकडचं ४६. हे सांगणारा उदगीरात मी एकटा, आणि आजपासून नांदेडातही. दुकानदार मोबाइलची कव्हरं विकतो, आत कोपऱ्यात गिटारचं सामान ठेवतो. त्यानं तयार पिकअप आणि दोन बटणांचा प्रीॲम्प काढून ठेवला. सगळं मिळून चार हजार दोनशे. म्हणाला, अप्पा, लावा आणि वाजवा, कशाला डोळे फोडून घेताव. मी त्याला पिकअपची बॉबीन कशी प्लॅस्टिकची आहे, वेढे कसे सैल आहेत ते समजावून सांगितलं. अर्धा तास. त्यानं मध्ये दोन गिऱ्हाइकं केली पण कान माझ्याकडंच होता.

प्रीॲम्पचं मात्र नक्की केलं. तीन बटणं: तळ, मध्य, टोक. आणि नऊ व्होल्टवर नाही, अठरावर. दोन बॅटऱ्या. आवाजाला ऐसपैस जागा पाहिजे. नऊ व्होल्टचा प्रीॲम्प म्हणजे एका खोलीत बिऱ्हाड.

येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, एवढी बारीक तार कशाची? मी सांगितलं. ती पुढच्या स्टॉपवर दुसऱ्या सीटवर गेली. तिथं वारं होतं.

सोमवार, ७ मार्च. महाशिवरात्र

उपास. आज चुंबक बसवले.

इंटरनेटवरचा एक दाढीवाला गोरा सांगतो की एका कॉइलखाली चुंबकाची उत्तर बाजू वर ठेवायची आणि दुसरीखाली दक्षिण. नुसते वेढे उलटे केले तर हमिंगबरोबर तारांचा आवाजही मरतो, चुंबकही उलटा केला तर आवाज वाचतो, असं त्याचं म्हणणं. ऐकून घेतलं. माणूस अनुभवी वाटतो. पण त्याच्याकडं दक्षिणेचं काय आहे ते त्याला माहीत, आपल्याकडं काय आहे ते मला माहीत. दक्षिणेच्या तोंडाचे दोन प्लॉट मी फुकटात मिळत असताना सोडलेत. मी अंधश्रद्ध नाही, माझ्या दुकानात लिंबू-मिरचीसुद्धा नाही. पण शिवरात्रीच्या दिवशी यमाची दिशा वर करून ठेवायची आणि त्यावर चार तारा ताणायच्या, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

होकायंत्र लावून एकूण एक चुंबक तपासले. आठही उत्तर वर. एकसारखे. शिस्तीत.

रत्नम्मा म्हणाली, अवो, तो बाबा सांगतोय तसं करून तरी बघा एकदा. मी म्हटलं, तो दाढीवाला आहे, बाबा नाही.

शनिवार, १२ मार्च

वेढे सुरू. प्रत्येक कॉइलला साडेआठ हजार. मशीनचा स्कूटरचा आकडा इतक्या हलक्या कामाला फिरत नाही म्हणून तोंडानं मोजले. सात हजार चारशे बारावर असताना ग्यानोबाचा फोन. ग्यानोबा आमचा ड्रमर, नगरपालिकेत व्हॉल्व सोडायला आहे. सध्या गावात त्याच्याएवढा मान कलेक्टरलासुद्धा नाही. शिवाय कलेक्टर अजून यायचाय. म्हणाला, अप्पा, तुमच्या गल्लीचं पाणी सोडून राहिलो, पंचवीस दिवसांनी येतंय, भरून घ्या. मी म्हटलं, सात हजार चारशे बारा. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, तेरा. तो म्हणाला, वहिनीला द्या.

आकडा चुकला. उलगडून पुन्हा शून्यापासून. पाणी रत्नम्मानं भरलं.

रियाज पहाटे पाचऐवजी संध्याकाळी पाचला करायचं ठरवलं.

बुधवार, १६ मार्च

दोन्ही कॉइल पूर्ण. तार पाच वेळा तुटली, पाच वेळा जोडली. कानाला लावून पाहिलं, काही ऐकू आलं नाही. अजून काही जोडलेलं नाही.

रियाज उद्यापासून.

शनिवार, १९ मार्च

कॉइली वार्निशात बुडवून पेटीत चार तास भाजल्या. गोरे लोक मेणात बुडवतात. मेण. उदगीरच्या उन्हात. माझी भाजलेली कॉइल छिन्नीनंही सुटणार नाही. चुंबक तर आता दगडात कोरल्यासारखे बसलेत. कुणाला बदलायचे म्हटले तरी बदलता येणार नाहीत, इतकं पक्कं काम.

वाढवण्याचं गिऱ्हाईक आपली मोटार उचलून घेऊन गेलं. मी विचारलं, दुसरीकडं करून घेणार का? तर म्हणाला, न्हाई अप्पा, आता बोअरच बुजवलाय. मोटार घरी ठेवतो, आठवण म्हणून. चेष्टेत म्हणाला का खरं, कळलं नाही. दुकानात आता माझ्या कामात व्यत्यय आणणारं काही उरलेलं नाही.

शनिवार, २ एप्रिल

प्रीॲम्प तयार. बटणांखाली बारीक ब्रशनं नावं लिहिली. ‘मध्य’मधला ध्य तीनदा पुसला. सोल्डरचे डाग इतके सुबक दिलेत की मागचं झाकण लावायला मन होत नाही. रत्नम्माला दाखवले. म्हणाली, लई छान, चांदीच्या टिकल्या जशा. मग म्हणाली, पलंगाला टेकायला काय तरी करा, मान अवघडते. तिला सौंदर्यदृष्टी आहे, पण ती टिकत नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा. दुपारी १२.०५

आज मुहूर्त. ॲम्प्लिफायर लावला. बटण दाबलं. आवाज पूर्ण चढवला.

काही नाही. शून्य. हमिंग नाही, सूं नाही, खर्र नाही. पंचवीस वर्षांत अशी शांतता ऐकलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं. या वर्षी कुठंतरी आलं.

मग तार छेडली. आवाज आला. स्वच्छ, चकचकीत, काचेच्या बांगडीसारखा. जरा बारीक. तळाचं बटण पूर्ण फिरवल्यावरही जरा बारीक. कारण उघड आहे. खोली दहा बाय दहा. खालच्या सुरांना चालायला जागा लागते. शिवाय हवेत ओल नाही. कोरड्या हवेत जाड आवाज जड होऊन जागच्या जागी पडतो. हे माझं स्वतःचं संशोधन आहे.

रत्नम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, आज बँजो कुणाचा आणलाव?

मंगळवार, १२ एप्रिल

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सगळं गाव टीव्हीपुढं.

बॅटऱ्या बदलल्या. आवाज तसाच बारीक. बॅटऱ्यांचा दोष नव्हता हे सिद्ध झालं.

सोमवार, १८ एप्रिल

सहा दिवसांत: तारा बदलल्या. पिकअप तारांच्या दोन मिलिमीटर जवळ नेलं. दोन मिलिमीटर लांब नेलं. खोलीत ओली गोधडी टांगली (रत्नम्मा धुण्याच्या पाण्यावरून बोलली, ते लिहीत नाही). आवाज तोच. याला सातत्य म्हणतात.

मैदानात वाजवल्याशिवाय या वाद्याचा अंदाज येणार नाही. ते मोठ्या जागेसाठी जन्मलंय. मीसुद्धा.

रविवार, २४ एप्रिल. तालीम. रात्री जेवण न करता लिहितोय

क्रमानं लिहितो.

महादेवप्पांच्या मंडपाच्या गोदामात तालीम. वर पत्रे. मी बेस लावला आणि सगळ्यांना सांगितलं की आधी दोन मिनिटं गप बसा आणि हमिंग ऐका. सगळे बसले. दोन मिनिटं पूर्ण. शेवटी ग्यानोबा हळूच म्हणाला, अप्पा, कोण वारलं का? मी म्हटलं, हमिंग वारलं. त्यानं टोपी काढली. त्याला मी माफ केलंय.

मग वाजवलं. पहिलं कडवं झाल्यावर महादेवप्पा बराच वेळ टाचणी शोधल्यासारखे खाली बघत राहिले. म्हणाले, सिद्धलिंगअप्पा, आवाज लई साफ हाय, एक नंबर साफ, पण खाली काय न्हाई. घर झाडून झाडून पायाच झाडून टाकल्यासारखं झालंय. ग्यानोबा म्हणाला, बेस हाय का डास हाय?

मी ओलाव्याचा सिद्धांत मांडला. तेवढ्यात पंचाक्षरीनं कीबोर्डवर डाव्या हाताचं एक बोट ठेवलं. एकच. वरचे पत्रे थरथरले, माझ्या शर्टाची बटणं थरथरली. त्याच गोदामात, त्याच हवेत. कंपनीनं त्या कीबोर्डमध्ये ओलाव्याची सोय केली असणार.

पुढचं लिहायला नको, पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही. पंचाक्षरी उठून माझ्याजवळ आला. मोबाइलमध्ये बघून म्हणाला, काका, चुंबक दोन्हीकडं एकाच बाजूचे बसलेत का? मग एका कॉइलच्या दोन वायरी फक्त अदलाबदल करा, खालचा सगळा आवाज परत येतो. थोडं हमिंग येईल, एवढंच. पाच मिनिटांचं काम हाय, मी स्क्रू ड्रायव्हर आणलाय.

मुलगा आदबीनं बोलला. स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या रुमालात गुंडाळून आणला होता. महादेवप्पा म्हणाले, करून टाका अप्पा, तुमची जागा तुमचीच हाय, मला काय जावयाचं कौतुक न्हाई. ग्यानोबा म्हणाला, हमिंग आलं तर येऊ द्या, आमच्या फ्रिजला बी हाय, आम्ही काय फ्रिज टाकलाव का?

सगळे माझ्याकडं बघत होते. पाच मिनिटं. दोन वायरी.

मी म्हटलं, मंडळी, सतरा हजार वेढे मी तोंडानं मोजलेत. हमिंग घेऊन स्टेजवर बसणार नाही.

महादेवप्पांनी पंचाक्षरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाले, मग एक मेला तुम्ही वायरिंगकडं बघा. एक गाणं तुमचं ठेवतो, सुरुवातीचं, लोक जमेपर्यंत.

म्हणजे मी तांत्रिक प्रमुख.

सोमवार, २५ एप्रिल. सकाळी ५.०२

पाचला उठलो. संकल्प पूर्ण. रियाज करावा असं वाटलं नाही.

सोमवार, २ मे. कालचा वृत्तान्त

जिल्हा काही झाला नाही. मुंबईहून जाहीर होणार होतं, झालं नाही. लोक म्हणाले पंधरा ऑगस्टला नक्की. मंडप मात्र उभा होता, माणसं यायला लागली होती, म्हणून महादेवप्पांनी फलकावरच्या ‘उदगीर जिल्हा निर्मिती सोहळा’ यातले मधले दोन शब्द गोणपाटानं झाकले आणि कार्यक्रम केला.

ड्रमच्या शेजारी कीबोर्डचा स्टँड. माझी खुर्ची मंडपाबाहेर जनरेटरजवळ. गादीची होती. बाकीच्यांच्या खुर्च्या साध्या प्लॅस्टिकच्या.

माझं गाणं पहिलं. पाच लोक सतरंज्या अंथरत होते. मी वाजवलं. आणि माझा सिद्धांत खरा ठरला: मैदानात तो आवाज सुटला तो सुटलाच. ड्रम, ढोलक, गायक, जनरेटर, सगळ्यांच्या डोक्यावरून. पार शेवटच्या भज्यांच्या गाड्यापर्यंत. गाड्याजवळचे लोक वळून बघू लागले. एक जण हातातला द्रोण ठेवून चक्क पुढं चालत आला.

मग माझं गाणं संपलं. पुढच्या गाण्यात पंचाक्षरीच्या डाव्या हातानं जमीन हलली. जनरेटरजवळसुद्धा हलली. मी वायरिंगकडं बघत होतो. वायरिंगला काही झालं नाही. माझी वायरिंग आहे.

घरी आल्यावर रत्नम्मानं पान घेतलं. दोन पोळ्या जास्त वाढल्या.

बुधवार, ४ मे. दुपारी ३.३०

आज माझी कीर्ती धर्माबादपर्यंत पोचल्याचा पुरावा मिळाला. अक्षर सांभाळून लिहितो.

भज्यांच्या गाड्यापासून चालत आलेला माणूस म्हणजे रामकिशन, धर्माबादचा, बँजो पार्टीवाला. नांदेड जिल्ह्यात वरातीत त्याच्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नाही म्हणे. जीप घेऊन थेट दुकानात आला. बेस वाजवायला लावला. एकदा, दोनदा, सात वेळा. प्रत्येक वेळी मान डोलवली. मीही डोलवली.

म्हणाला, अप्पा, वीस वर्षं हा आवाज हुडकून राहिलो. वरातीत चार मोठे स्पीकर, ढोल, फटाके, वर नवरीच्या मामाची बोंबाबोंब. माझा बँजो त्यात बुडतो. तुमचं हे कापत आलं माझ्यापर्यंत. आणि हमिंग न्हाई. बिलकूल न्हाई. माझ्या सगळ्या बँजोंत नुसतं घुं घुं हाय. कुणी केलं हे? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, चुंबक कसे बसवलेत? मी म्हटलं, सगळे उत्तर वर. त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाला, तसेच बसवा, कुणाचं ऐकू नका.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं.

रत्नम्मा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं.

रामकिशनला दिवाळीनंतरच्या लग्नसराईसाठी सहा नग पाहिजेत. अगदी असेच. फक्त वर बँजो म्हणून नाव रंगवायचं, कारण वरातीतल्या लोकांना दुसरं काही कळत नाही. मी त्याला बेस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पायाचा स्वर, ऑर्केस्ट्राची जमीन, सत्तावीस वर्षं. चाळीस मिनिटं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, अप्पा, बरोबर हाय तुमचं, पण ह्याच्यात ते न्हाई ना. ह्याच्यात जे हाय ते मला पाहिजे.

मी म्हटलं, हा बेस आहे.

तो म्हणाला, मग बेस म्हणा, मी बँजो म्हणतो, भांडण कशाला.

मी म्हटलं, हा बेस आहे.

रत्नम्मा चहा तसाच घेऊन आत गेली.

त्यानं पिशवीतून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या होत्या, त्या एकेक करून परत भरल्या. सहा नग, नगाला बावीस हजार, निम्मे आज रोख. नाही म्हणालो. एक लाख बत्तीस हजार.